धानाची बांधी विकू नका, भाऊ

(पत्र थोडं कापलं आहे. भाषा त्यांचीच ठेवली आहे. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दंडार म्हणजे झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाचगाण्याचं लोकनाट्य.)

«ताई, नमस्कार. मी सिंदेवाही तालुक्यातला. अडीच एकर धानाची शेती, मामा तलावाच्या पाण्यावर. पोरीचं लगन झालं. पोरगा बावीस वर्साचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्सातून सोडलं. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या एका नाटक कंपनीत डान्सर म्हणून जाते, मधात शाळेच्या गॅदरिंगचे नाच बसवते. आता मनते, मले कंटेम्पररी डान्सचा कोरिओग्राफर व्हाचं आहे. मुंबईचा अकरा महिन्याचा कोर्स आहे, फी ३ लाख २० हजार, रायनं-खानं वेगळं. रस्त्याकडची एक एकर बांधी गावातला एक जन घ्याले तयार आहे, अक्षय तृतीयेपर्यंत जवाब द्या मनते. ताई, कंटेम्पररी मंजे काय हे मले समजलं नाही. पोरानं मोबाइलवर दाखवलं. एक मानूस बिना गाण्याचा जमिनीवर लोळत होता. मी मनलं, याच्या पोटात दुखते का? पोरगा दोन दिवस बोलला नाही. या धंद्यात पोट भरते का? आनखी एक. मी सोता तरना होतो तवा दंडारीत लुगडं नेसून नाचलो, सात-आठ वर्स. लगन झालं आन सोडलं. सासरकडचे नाच्या मनत. हे पोराले मालूम नाही. त्याच्या मायनं सांगू देल्लं नाही.»

भाऊ, नमस्कार.

पोटदुखीच्या वाक्याला मी मोठ्यानं हसले, आणि मग मला माझीच आठवण झाली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा असा नाच पाहायला बसले होते. दहा मिनिटं एक मुलगी मंचाच्या कोपऱ्यात नुसती उभी होती. मधूनच खांदा हलवायची. माझ्या शेजारच्या बाईंनी कानात विचारलं, "सुरू कधी होणार आहे हो?" मी तेव्हा वर्ध्यात मुलींना नाच शिकवत होते, म्हणजे मला कळायला हवं होतं. पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. तेव्हा पोराला सांगा, बाबांनी विचारलं त्यात गैर काही नाही.

आधी जमिनीचं, कारण त्याला तारीख लागलेली आहे. बांधी विकू नका. पोरगा नालायक आहे किंवा नाच वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. कारण पुढे सांगते, पण उत्तर आधी घ्या, म्हणजे बाकीचं पत्र शांतपणे वाचता येईल.

आता कंटेम्पररी म्हणजे काय. तुम्ही दंडार केली आहे, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं आहे. दंडारीत फेरी ठरलेली असते, ढोलकीचा कोणता तोडा आला की कुठे वळायचं हे ठरलेलं असतं. लुगडं नेसलेल्यानं कसं चालायचं हेसुद्धा तुमच्या आधीच्यांनी ठरवून ठेवलेलं. भरतनाट्यम, कथकातही तसंच, तिथे तर व्याकरण आणखी कडक. कंटेम्पररीत हे आयतं मिळत नाही. प्रत्येक नव्या कामाला माणसं चालतील कशी, थांबतील कुठे, गाणं असेल की नुसता श्वासाचा आवाज, हे पहिल्यापासून ठरवावं लागतं. ते ठरवणारा माणूस म्हणजे कोरिओग्राफर. स्टेप शिकवणारा तो डान्स मास्तर. ते कामही चांगलंच आहे, तुमचा पोरगा गॅदरिंगला तेच करतो.

धानाची रोवणी आठवा. बारा बाया ओळीनं वाकलेल्या. सगळ्या मागे मागे सरकतात, पण एकीचंही पाऊल दुसरीच्या पऱ्ह्यावर, म्हणजे रोपावर, पडत नाही. एक दमते, तर ओळ किंचित वाकडी होते, मग आपोआप सरळ होते. मधली कोणी गाणं म्हणते आणि हाताचा वेग बदलतो. आता यातला चिखल काढा, पऱ्हे काढा, पाऊस काढा. ते वाकणं, तो मागे जाणारा पाय आणि दोघींमधलं अंतर एवढंच ठेवून बारा जणींना रिकाम्या मंचावर आणा. बघणाऱ्याला काय दिसेल? कदाचित कंबरदुखी दिसेल. कदाचित कुठल्यातरी देवापुढे वाकल्यासारखं दिसेल. किती वेळ दाखवायचं, कोणाला आधी सरळ उभं करायचं, उभी झाल्यावर ती कुठे पाहील, या प्रश्नांवर महिनोन् महिने डोकं खपवायचं हा तो धंदा. मोबाइलमधला माणूस असलंच काही करत असेल. किंवा खरंच नुसता लोळत असेल. दोन्ही प्रकार असतात, मी दोन्हींना टाळ्या वाजवल्या आहेत.

टीव्हीवरच्या स्पर्धेत ज्याला कंटेम्पररी म्हणतात ते जरा वेगळं. रडकं गाणं, मुलीला उचलणं, गुडघ्यावर घसरणं, शेवटी परीक्षकांचे डोळे पुसणं. त्यातली मुलं फार मेहनती असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या पोराला यातलं नेमकं काय हवंय ते त्याला विचारा. टीव्ही हवा असेल तर मुंबईत सहायकाचा सहायक म्हणून काही वर्षं उभं राहावं लागतं. सिनेमातल्या गाण्यात मागे नाचायलाही संघटनेचं कार्ड लागतं. तो रस्ता वेगळा, आणि त्याला अकरा महिन्यांच्या कोर्सचा फार उपयोग नाही.

पोट भरतं का, या प्रश्नाचं खरं उत्तर देते. नुसत्या नाचाच्या निर्मितीवर पोट भरणारे कंटेम्पररी कोरिओग्राफर आपल्या देशात फार थोडे. नर्तकांना महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या कंपन्या मोजक्या. एक काम उभं करायला सहा महिने जातात आणि त्याचे प्रयोग होतात चार-पाच, तेही मुंबई, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, गोवा असल्या ठिकाणी. बाकी पोट भरतं ते शिकवण्यावर, कार्यशाळांवर, शाळांवर, लग्नातल्या संगीतावर, नाटकांच्या हालचाली बसवण्यावर. हा हिशोब मोठ्यांनाही सुटला नाही. उदय शंकर हे भारतातल्या आधुनिक नाचाचे आद्य पुरुष. त्यांनी १९३८ साली अल्मोड्याला केंद्र काढलं. नाव जगभर होतं, तरी ते काही वर्षांतच पैशांअभावी बंद पडलं. धानाला निदान हमीभाव जाहीर होतो, भाऊ. इथे तेही नाही.

तरी लोक यात येतात आणि टिकतात. कसे टिकतात ते नृत्यकार चंद्रलेखांकडे पाहिलं की कळतं. जन्म १९२८चा, आपल्याच महाराष्ट्रातल्या वाडा या गावचा. कायद्याचं शिक्षण सोडून त्या चेन्नईला भरतनाट्यम शिकायला गेल्या, नाव कमावलं, आणि मग कित्येक वर्षं मंचापासून दूर राहिल्या. त्या काळात पोस्टर केली, स्त्रियांच्या चळवळीत राहिल्या. परतल्या आणि १९८५ साली 'अंगिका' केलं, भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू एकत्र आणून. वय ५७ च्या आसपास. 'शरीर' हे त्यांचं काम २००१ सालचं, म्हणजे सत्तरी उलटल्यावरचं. नाचणाऱ्याची वर्षं थोडी असतात, गुडघे हिशोब मागतात. बसवणाऱ्याची वर्षं मोठी असतात. तुमचा पोरगा बावीसचा आहे. अक्षय तृतीयेची घाई जमीन घेणाऱ्याला आहे, पोराला नाही.

दुसरे अस्ताद देबू. लहानपणापासून कथक, मुंबईत कॉमर्सची पदवी, आणि १९६९ मध्ये मालवाहू बोटीनं परदेश. लंडनमध्ये मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीचं तंत्र शिकले, जगभर फिरले. आणि एवढं फिरून आल्यावर केरळी गुरूंपुढे कथकळी शिकायला बसले. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी मणिपूरच्या पुंग नावाचा ढोल वाजवणाऱ्या कलाकारांबरोबर आणि ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर काम केलं. ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर नाच! ताल कानानंच धरावा लागतो असं आपण समजतो.

पोराला हे दोघं वाचायला सांगा, पण त्यांची नक्कल नको. मला यातून एवढंच काढायचं आहे की दोघांनीही आपल्या अंगात आधी एक जुनी, घट्ट गोष्ट मुरवलेली होती. तुमच्या पोराजवळ तशी गोष्ट आहे, आणि तिची किंमत त्याला कळलेली दिसत नाही. तो झाडीपट्टीच्या मंचावर नाचतो. रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटे खाली येतो. थंडीत, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) किंवा मंडईच्या (गावजत्रेच्या) गर्दीसमोर, शाल गुंडाळून पेंगणाऱ्या माणसाला तीन वाजता जागं करायचं काम त्याचं. मुंबईच्या आरशाच्या खोलीत शिकलेल्या कुठल्या पोराला ही विद्या येते? प्रेक्षक कधी निसटतो हे ज्याच्या पाठीला कळतं, तो अर्धा कोरिओग्राफर आहे.

उरलेला अर्धा मात्र खरोखर शिकावा लागतो, आणि तो गावात मिळत नाही. इथे मी पोराच्या बाजूची. पडायचं कसं, हे शास्त्र आहे. वजन जमिनीला कसं द्यायचं, दुसऱ्याचं वजन आपल्या पाठीवर कसं घ्यायचं, पाठीचा कणा एकेका मणक्यानं कसा सोडायचा, हे कोणीतरी हात लावून शिकवावं लागतं. यूट्यूब पाहून पडणारी पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांचे एमआरआयसुद्धा पाहिले आहेत. तोवर एक गोष्ट आजपासून पाळायला सांगा: शाळेच्या सिमेंटच्या स्टेजवर किंवा फरशीवर उड्या आणि लोळणं बंद. नाचाच्या खोलीत लाकडी जमीन असते, खालून किंचित लवचीक, ती धक्का झेलते. सिमेंट झेलत नाही, तो धक्का गुडघ्यात परत येतो. माझा उजवा गुडघा सिमेंटनं खाल्ला. चुरणं, म्हणजे मळणी, झालं की खळं मोकळं असतं ना? खडे वेचून, शेणानं सारवून घ्या. त्याहून बरी जमीन तालुक्यात मिळायची नाही.

शिकायचं तर कुठे आणि कशाच्या बळावर? त्या अकरा महिन्यांच्या कोर्सबद्दल मी काही म्हणणार नाही, मी तो पाहिलेला नाही. पण पैसे भरण्याआधी पोरानं वडशाहून गाडी पकडून तिथे जावं आणि एक दिवस वर्गात नुसतं बसून पाहावं. बसू देत नसतील तर तिथूनच परत यावं. बसू दिलं तर कोण शिकवतं ते बघावं, कारण जाहिरातीतले मोठे मास्तर महिन्यातून एकदा येतात आणि बाकीचे दिवस मागच्या बॅचची मुलं शिकवतात, असंही असतं. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे फोन नंबर मागावेत. त्यांच्याशी बोलणं झालं की फी महाग की स्वस्त हे आपोआप कळतं. आणि या क्षेत्रात सर्टिफिकेट कोणी विचारत नाही. अंग पाहतात, व्हिडिओ पाहतात. हो, एक कागद मात्र पुढे उपयोगी पडेल, तो पदवीचा. बी.ए. राहिलंय ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरं करून टाकू दे. पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा आणखी कुठे एम.ए. करायचं ठरलं, शाळेत-कॉलेजात शिकवायची वेळ आली, तर ते नसल्याचं दुःख होईल.

माझ्या मते त्यानं पहिली दोन वर्षं मोठा कोर्स न करता तुकड्या-तुकड्यानं शिकावं. होळीनंतर नाटकं संपतात आणि रोवणी लागते आषाढात. मधले तीन महिने मोकळे. या दिवसांत पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली इथे दोन-तीन आठवड्यांच्या कार्यशाळा लागतात. एका हंगामाच्या कमाईत एक कार्यशाळा बसते. तिथे कळेल की हे अंगाला मानवतंय का. सकाळी उठून दीड-दोन तास तेच ते पाय, तेच ते पडणं, टाळ्या नाहीत, गाणं नाही. पुष्कळ पोरं चौथ्या दिवशी कंटाळतात, आणि कंटाळा येणं हा काही गुन्हा नव्हे. तो चौथ्या दिवशी कळलेला बरा, एकर विकून झाल्यावर कळण्यापेक्षा.

पैशाची एक वाट सरकारकडूनही आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र (सीसीआरटी) ती चालवतं. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पैसे सहामाही हप्त्यांनी येतात, तेव्हा त्यावर उधारी करू नये. देशभरात अशा ४०० दिल्या जातात, म्हणजे चुरस मोठी. गंमत पुढे आहे. त्या अर्जात शास्त्रीय नृत्याचा रकाना आहे, मूकाभिनयाचा आहे, कंटेम्पररीचा नाही. पण लोककला आणि पारंपरिक कलांचा आहे. म्हणजे पोराला अर्ज करायचा तर दंडारीच्या नावावर करावा लागेल. त्यासाठी काही वर्षं गुरूपाशी शिकल्याचा दाखला लागतो. गावात दंडारीचे जुने शाहीर कोणी उरले असतील, तर त्याला आजच त्यांच्या अंगणात बसवा. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासूनचं. लोककलेच्या गुरु-शिष्य योजनांची चौकशी तिथे करावी. पुढे स्वतःचं काम उभं करायच्या वेळी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदान मागता येतं, आणि तिथे अर्ज मराठीत लिहिलेला चालतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नको, म्हणावं.

आता माझी एक कथा, कारण ती तुमच्या पोराच्या कामाची आहे. तरुणपणी मी एका संस्थेसाठी चाळीस मिनिटांची नृत्यनाटिका बसवली होती. चार महिने, बावीस मुली. पुढच्या वर्षी तीच नाटिका, त्याच हालचाली, दुसऱ्याच्या नावानं तीन जिल्ह्यांत फिरली. मी भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, नाच काय कोणाच्या बापाचा असतो?" माझ्याजवळ एक चिटोरं नव्हतं. खूप नंतर एका वकिलाकडून कळलं की १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, पण ती लिहून किंवा इतर रीतीनं नोंदून ठेवलेली पाहिजे. तेव्हा पोरानं गॅदरिंगचा तीन मिनिटांचा नाच जरी स्वतः रचला, तरी वहीत तारीख घालून लिहावा. कोण कुठून येतं, कुठे थांबतं, बाणांची चित्रं काढून. मोबाइलवर शूटही करावा. आणि काम घेताना व्हॉट्सअॅपवर का होईना, पैसे किती, नाव कुठे येणार, हे लिहून घ्यावं. वही ठेवायचा दुसरा फायदा असा की आपण तेच तेच करतोय हे आपल्याच डोळ्यांना दिसतं.

आणि या पावसाळ्याआधी त्याला एक परीक्षा द्या. माझी नाही, तुमची म्हणून द्या. गावातली पाच पोरं घ्यायची, नाचणारी नसली तरी चालतील. सिनेमाचं गाणं नाही. लाइट नाही, कपडे रोजचे. दहा मिनिटांचं काहीतरी बसवायचं, आणि खळ्यावर गावासमोर करायचं. विषय त्याचा. फक्त मधली दोन मिनिटं पूर्ण शांततेत गेली पाहिजेत आणि लोक उठून जाता कामा नयेत. पोरं तालमीला उशिरा येतील, एक जण मधूनच सोडून जाईल, कोणी हसेल. हे सगळं सांभाळून तो दहा मिनिटं उभी करू शकला, आणि झाल्यावर त्याला लगेच दुसरं काही बसवावंसं वाटलं, तर मला पुन्हा लिहा. मग मोठ्या कोर्सचं बोलू. तेव्हाही पैसे जमिनीतून काढायचे नाहीत, ते वेगळं.

एक सावधगिरी. शिकून आलेली पोरं परत गावाकडे वळतात तेव्हा दंडारीचा किंवा गडचिरोलीच्या रेल्याचा तुकडा उचलून आपल्या नाचाला झालर लावतात. रेला हा गोंड-माडिया लोकांचा, त्यांच्या सणासुदीचा. तो शिकायचा तर त्यांच्यात जाऊन, विचारून शिकावा. माझ्या नाटिकेचं जे झालं ते आपण दुसऱ्याचं करू नये.

शेवटी ते लुगडं.

भाऊ, तुम्ही ते पत्राच्या तळाला 'आनखी एक' म्हणून लिहिलंय, जसं डॉक्टरकडे सर्दीचं सांगून दारातून परत फिरताना छातीतल्या कळेचं सांगतात. सात-आठ वर्षं लुगडं नेसून नाचलेला माणूस पोराला विचारतो की कंटेम्पररी म्हणजे काय, आणि पोरगा समजतो की बाबाला नाचातलं काही कळत नाही. घरात केवढी मोठी गोष्ट झाकून ठेवली आहे तुम्ही! वहिनींना दोष देत नाही. त्यांनी माहेरच्यांचे टोमणे ऐकले असतील, आणि आपल्याकडे 'नाच्या' हा शब्द कसा फेकून मारतात ते मला माहीत आहे. पण त्याच झाडीपट्टीतले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. वहिनींना हे सांगून बघा. त्यांचा राग त्यानं जाईल असं मी म्हणत नाही, पण बोलायला सुरुवात होईल.

बाईचं चालणं पुरुषाच्या अंगात आणायला तुम्ही काय केलं होतं? वजन टाचेवर घेतलं की चवड्यावर? पदर सावरायचा हात खरंच पदर सावरत होता, की प्रेक्षकांना सांगत होता की इथे पदर आहे? हे प्रश्न तुमच्या पोराला मुंबईत कोणीतरी पैसे घेऊन विचारेल. तुम्ही संध्याकाळी अंगणात उभे राहून दाखवू शकता. गुडघे धरले असतील तर बसून हात तरी दाखवा. त्याला मोबाइलवर शूट करू द्या, तुमचं नाव आणि तारीख घालून.

आणि त्या गावातल्या माणसाला अक्षय तृतीयेची वाट पाहायला लावू नका. उद्याच जाऊन नाही म्हणून सांगा, नाहीतर तो इसार घेऊन दारात येईल आणि मग नाही म्हणणं जड जाईल.

तुमची,
ताई